सातवा केक

"ताई, सातवा बाहेर काढला," फोनवर भट्टीवाले काका म्हणाले. "यावरही ‘सर, आता झोपा’ असंच लिहायचं ना?"

धाकटीने लॅपटॉपवरच कपाळ टेकलं.

"थांबा काका! सर एकच आहेत. निवृत्तही एकदाच होतायत."

"मला काय, चिठ्ठी येते, मी भाजतो. आठवीही आलीये बघ."

बेकरीतली तिची नोकरी अजून कच्चीच होती. पक्की करायची की नारळ द्यायचा, हे मालकीणबाई चार वाजता फोनवर सांगणार होत्या. साडेतीन वाजले होते. ऑर्डरींची रांग चालवणारा प्रोग्रॅम धाकटीनेच मोठ्या तोऱ्यात लिहिला होता. रांगेतली ऑर्डर उचलायची, भट्टीकडे पाठवायची आणि केक तयार झाला की रांगेला ‘झालं’ कळवायचं. मग रांग ती ऑर्डर खोडून टाकते. ‘झालं’ कानावर आलं नाही तर बिचारी समजते, काम राहिलंच, आणि तीच ऑर्डर पुन्हा पुढे करते. धाकट्या बाईसाहेब नेमकं ‘झालं’ लिहायलाच विसरल्या होत्या!

"पंप बंद कर गं," सोफ्यावरून बाबा म्हणाले. त्यांचा प्लास्टरमधला पाय स्टुलावर होता, त्यामुळे सध्या फक्त तोंड चालत होतं. "टाकी भरली असेल."

बोटं कीबोर्डवरच. उत्तर नाही.

"पंप!"

उत्तर नाही.

"अगं ए ठमाबाई, पंप!"

"हो बाबा, हो!"

बाबांनी समाधानाने पेपर उघडला.

धाकटीने ‘झालं’ची ओळ घाईघाईत सगळ्यात वर ठोकून दिली. ऑर्डर उचलली रे उचलली की ‘झालं’. आठवी चिठ्ठी गायब! ती खुर्चीतच नाचली.

तेवढ्यात खिडकीबाहेर धो धो पाणी कोसळू लागलं. गच्चीवरची टाकी ओसंडत होती.

"बाबा, परत सांगायचं ना!"

"कशाला? तू हो म्हणालीस, मी विषय डोक्यातून काढला."

धाकटीने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. तिथेही ‘झालं’ म्हणून मोकळं झालेलं, आणि केक अजून भट्टीतसुद्धा गेला नव्हता. मध्येच भट्टी बंद पडली तर? रांगेने तर केव्हाच खोडलेलं असणार. कुणाच्या तरी वाढदिवसाला नुसत्या मेणबत्त्या!

तिने ओळ उचलली आणि केक तयार होण्याच्या खाली, शेवटी नेऊन ठेवली.

"आणि पंप?" बाबांनी विचारलं.

"ह..." धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले.

फोन वाजला. मालकीणबाई.

"अगं, उचल की!" बाबा ओरडले.

ती उठली आणि फोनला वळसा घालून जिन्याकडे पळाली. बाहेरचा धबधबा हळूहळू थेंबांवर आला. ती परतली तेव्हा कोपरापर्यंत ओली होती आणि फोन पुन्हा वाजत होता.

"झालं," ती बाबांना म्हणाली.

मग तिने फोन उचलला.