मीटरचे तास आणि एकताचे तास

आमच्या ह्यांचा दोनच गोष्टींवर पक्का विश्वास: बाबासाहेबांवर आणि मीटरवर. अंबादासजींची सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात तपासणी करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर शहराबाहेर पनागरकडे पेरूची बाग घेतली आणि झाडांच्या दोन ओळींमधून सहज जाईल असा छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या तेलाचा नियमही त्याच दिवशी ठरला. ट्रॅक्टरच्या तास मोजणाऱ्या मीटरवर कंपनीने सांगितलेले तास भरले की तेल बदलायचं. आधी बदललं तर उधळपट्टी, नंतर बदललं तर पाप. घरात या विषयावर कोणी ब्र काढायचा नाही.

ट्रॅक्टर चालवायची मात्र आमची मुलगी एकता. फवारणी तिची, पाण्याची टाकी ओढणं तिचं, आणि गेल्या वर्षी भीमजयंतीला मोहल्ल्याची झांकी, म्हणजे देखाव्याची सजवलेली ट्रॉली, ओढण्याचं कामही तिनेच मागून घेतलं. मिरवणुकीत ट्रॅक्टर चालत नाही, रांगतो. पुढे पोरं नाचतात, ती सरकली की तो हातभर सरकतो, पुन्हा थांबतो. इंजिन मात्र दुपारपासून चालूच. भर बाजारातल्या कमानिया गेटच्या बरोबर खाली तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला आणि एकताने इंजिन बंद केलं. मागे सगळी मिरवणूक तुंबली. शेवटी पोरांनी झांकी हातांनी ढकलत पुढच्या बडा फुहारा चौकापर्यंत नेली.

लोक काय बोलले ते सांगायला नको. मुलगी बसवली म्हणून अडला, क्लच दाबता आला नाही, वगैरे. लोकांचं मी मनावर घेत नाही. पण घरी आल्यावर हेही तेच म्हणाले. मीटरप्रमाणे तेलाचे तास भरायला अजून अवकाश होता, म्हणजे तेल चांगलं होतं, म्हणजे दिवा उगाच लागला, म्हणजे चूक चालवणारीची. एकता जेवली, ताट धुतलं आणि झोपली. मला त्या रात्री ह्यांचा इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी चहात साखर घातली नाही. तेही ह्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढे थंडीत एकदा मी बागेत डबा घेऊन गेले. एकता सकाळपासून ट्रॅक्टरवर होती. झाडांमधून फवारणी करायची म्हणजे हळूहळूच जावं लागतं. मी म्हटलं, किती तास बसलीस गं, उतर आता. तिने सवयीने मीटरकडे पाहिलं आणि तशीच बघत राहिली. सकाळपासून एवढं काम झालं, पण मीटरवर जेमतेम दोन तास चढले होते. तिने डबा माझ्याच हातात ठेवला आणि मीटरच्या काचेवरची धूळ पुसून पुन्हा पाहिलं.

रविवारी तिने ट्रॅक्टर अंगणात उभा केला, अगदी मंद चालू ठेवला आणि वडिलांना खुर्ची दिली. मी आत पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, भांडी घासली. बाहेर आले तेव्हा ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ तासभर पुढे गेलं होतं आणि मीटर तासाच्या तिसऱ्या हिश्शावर रेंगाळत होतं. ह्यांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. मग घड्याळावर मारली. मला हसू आवरेना.

"पप्पा, मीटर झूठ नाही बोलत," एकता म्हणाली. "पण ते घड्याळ नाही पाहून राहिलं. इंजिनाचे फेरे मोजून राहिलं. आपला ट्रॅक्टर सालभर हळूच चालते. त्याचे तास भरतच नाहीत."

हे तपासणीतले, इतक्या सहज हार मानणारे नव्हेत. फेरे कमी म्हणजे झीज कमी, मग मीटर बरोबरच आहे, असा ह्यांनी उलट डाव टाकला. एकताने वाद घातला नाही. तेल तपासायची पट्टी काढून तिने ह्यांच्या बोटावर थेंब टेकवला. काळाकुट्ट, पाण्यासारखा पातळ आणि डिझेलचा वास मारणारा. मंद चालणाऱ्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी आणि उरलेलं डिझेल तेलात उतरतं, पंखाही मंद फिरतो म्हणून उन्हात इंजिन तापतं, मग पातळ तेलाचा दाब पडतो आणि दिवा लागतो, हे तिने एकेक करून सांगितलं. रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतून ओतून आत गंज धरला होता, तोही दाखवला. ते पाणी ओतणारे कोण, हे मी सांगितलं.

ह्यांनी बोट किती वेळ चोळलं कोण जाणे. मग उठून आत गेले आणि जेवताना हळूच विचारलं, "म्हणजे त्या दिवशी दिवा खराच लागला होता?"

"तेव्हा बंद नसतं केलं, तर इंजिन गेलं असतं," एकता म्हणाली.

त्यानंतर ह्यांना तेल बदलायचं भूतच चढलं. इंजिनाचं बदला, गिअरचं बदला, हायड्रॉलिकचं बदला, दर महिन्याला बदला. एकताने तिथेही लगाम घातला. इंजिनाचं तेल भिंतीवरच्या घड्याळाने मोजून, कंपनीच्या निम्म्या तासांत. काम कमी झालं तरी वर्षातून एकदा बदलायचंच. जयंतीच्या आधी नवं घालायचंच. रेडिएटर धुऊन नीट कूलंट. गिअरचं तेल मधाच्या रंगाचं, स्वच्छ होतं, ते कंपनीच्या वेळेपर्यंत तसंच राहू द्यायचं. स्वच्छ तेल फेकणंही मूर्खपणाच, असं ती म्हणाली, आणि ह्यांनी गिअरच्या तेलाचा नवा डबा परत फडताळात ठेवला. मला फार बरं वाटलं.

पण भय्यासाहेबांना कोण समजावणार? ते आमच्या मोहल्ल्याच्या जयंती समितीचे अध्यक्ष. यंदा गोहलपूरहून मोठा ट्रॅक्टर आणायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. एकता एकटीच बैठकीला गेली आणि ट्रॅक्टर आमचाच, चालवणार मीच, असं सांगून आली. भय्यासाहेबांनी अट घातली, की पुन्हा अडला तर तुमच्या घराने झांकीचं नावही काढायचं नाही. तिने होकार दिला.

जयंतीच्या दिवशी ऊन असं, की डांबर चपलांना चिकटत होतं. पांढरी साडी नेसून मी बायकांबरोबर चालत होते, पण एकही घोषणा मला नीट देता आली नाही. सगळा जीव त्या दिव्यात. कमानिया गेट आलं आणि पोरांनी नेमका तिथेच फेर धरला. सरकायचं नावच घेईनात. ढोल, गुलाल, बाजूच्या दुकानांतून टाळ्या, आणि आमचा ट्रॅक्टर कमानीखाली धडधडत उभा. भय्यासाहेब जवळ येऊन उभे राहिले, त्यांचे डोळेही त्या दिव्यावरच. हे चाकाच्या बाजूला, हात बॉनेटवर ठेवून. एकता समोर बघत होती.

दिवा लागला नाही.

फेर संपला, ट्रॅक्टर सरकला आणि झांकी कमानीतून बाहेर उजेडात आली. मी इतक्या मोठ्याने "जय भीम" म्हटलं, की पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं. मी रडत होते आणि मला त्याची लाज नव्हती. बडा फुहाऱ्यापर्यंत इंजिन एकदासुद्धा कुरकुरलं नाही.

तिथे भय्यासाहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात टाकला. "मान गए, अंबादासजी. यंदा काय जादू केली?"

ह्यांनी तो हात बाजूला केला आणि आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. "मी काही नाही केलं. मागच्या साली माझी पोरगी नव्हती चुकली, भय्यासाहेब. मी चुकलो होतो. तिनं इंजिन वाचवलं आन् मी तिलेच बोललो."

एकताने हात स्टिअरिंगवरून काढले आणि तोंडावरचा गुलाल पुसला. ह्यांनी वर तिच्याकडे पाहिलं. दिवसभर इतका मंद चालला, आता तेल उद्याच बदलून टाकायचं का, असं विचारलं. सगळे तिच्या उत्तराकडे कान लावून उभे राहिले, जणू समितीचा ठरावच होता.

"नाही. आताच तर नवं टाकलं. पाऊस लागायच्या आधी बदलू," एकता म्हणाली. "तवर नका लावू हात."

"जी," हे म्हणाले. कारखान्यात मोठ्या साहेबाला म्हणायचे, अगदी तसं.