डाग निघालेला शर्ट

आईला वाटलं होतं, वकील म्हणजे भारदस्त आवाजाचा, पांढऱ्या केसांचा कुणीतरी पुरुष असेल. तो टेबलावर मूठ आपटेल, 'बघतोच एकेकाला' म्हणेल, आणि आपण डोळे पुसून निश्चिंत मनानं जिना उतरू. निघाली एक किडकिडीत बाई. चष्म्यांच्या दुकानावर दोन खोल्या, खुर्च्यांवरसुद्धा फायली, आणि कुणाला बसायला जागा द्यायची तर आधी त्या फायली जमिनीवर ठेवाव्या लागत. नागरी हक्कांचे खटले लढणारी म्हणून तिचं नाव आईला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं मूठ आपटली नाही, धीरही दिला नाही. मुलगा आईशेजारी खाली मान घालून बसला होता. आईची हकिकत रंगात आलेली असताना मध्येच थांबवून तिनं विचारलं, "त्या दिवशी मुलाच्या अंगावर जे कपडे होते, ते कुठे आहेत?"

आईचा चेहरा उजळला. तेवढं तरी आपण नीट केलंय, असं तिला वाटलं. तिनं पिशवीत हात घातला आणि मला काढून टेबलावर ठेवलं.

मीच तो कपडा. आकाशी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा एक साधा शर्ट. कॉलर ताठ, घडीची रेघ सुरीसारखी, आणि डाग म्हणाल तर औषधालाही नाही.

वकीलबाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकीनं माझ्या बाह्या शिवल्या, दुसरीनं कॉलर, तिसरीनं काजं केली. माझी म्हणावी अशी आई मला नव्हतीच. ती या घरात आल्यावर मिळाली.

तिची लाँड्री होती. रस्त्याला लागून एक गाळा, मागे दोन खोल्या. नवरा लवकर गेला, मुलगा इस्त्रीच्या वाफेत वाढला. शाळेतून आला की लोकांचे कपडे घरोघर पोचवायचा. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, आणि नोकरीत कायम झाला त्या दिवशी आईनं मला दुकानातून आणलं. म्हणाली, जन्मभर लोकांचे चांगले कपडे वाहिलेस, आता हा तुझा.

मुलगा अबोल. सगळे त्याला मुनी म्हणत. याच्या तोंडून शब्द काढायचा तर आधी अर्ज द्यावा लागतो, अशी शेजाऱ्यांची थट्टा. मला तो जपून वापरायचा, पण बाह्या मात्र कोपरापर्यंत दुमडायचा. आई त्या उलगडायची. "बाह्या घालायला असतात, गुंडाळायला नाही," म्हणायची. तो पुढच्या वळणावर जाऊन पुन्हा दुमडायचा. आमचे दिवस असे बरे चालले होते.

मग एका संध्याकाळी मित्राकडून परत येताना दोन पोलिसांनी त्याला हटकलं. कुठल्याशा चोराशी त्याचा चेहरा जुळत होता म्हणे. चल ठाण्यात, म्हणाले. मुनीनं एकच शब्द विचारला, "कशासाठी?"

एवढी वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसानं तोंड उघडलं, ते नेमकं तिथं.

ठाण्याच्या मागच्या खोलीत काय झालं, ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही. पण ते सांगायचा हक्क आधी मुनीचा, म्हणून मी थांबतो. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. चेहरा जुळत नव्हता. तेवढ्या वेळात डाव्या कानाचं ऐकणं गेलं होतं आणि उजव्या हाताची दोन बोटं मिटेनाशी झाली होती. जिन्यावरून पडला, असं त्यांनी नोंदवलं. लिफ्टच्या कामाला धड हात लागतात, नोकरीही गेली.

मुनीला दवाखान्यात खाटेवर झोपवून आई घरी आली आणि तिनं मला बादलीत टाकलं. डाग दिसला की काढायचा, यापलीकडे तिचे हात काही जाणतच नव्हते. गार पाणी, मूठभर मीठ. रक्ताला गरम पाणी लागलं की ते कापडात कायमचं बसतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. चोळताना ती रडली नाही. दात मात्र एवढे आवळलेले, की मला त्यांचा आवाज येत होता. पाणी लाल होतं तोवर ती बदलत राहिली. नंतर फाटलेला खिसा रफू केला, बटणं तुटली होती तिथं जुळणारी शोधून लावली. वकिलाकडे जायच्या आदल्या दिवशी इस्त्री फिरवली. दुसऱ्याच्या दारात जाणारा कपडा मळका जाता कामा नये, हा लाँड्रीचा धर्म.

आणि आता वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "धुतलेल्या कपड्यातही तपासणीत कधीकधी रक्त सापडतं. पण तुमचा हात फार सफाईदार आहे."

आईला आधी ती स्तुतीच वाटली. ती किंचित हसली. मग अर्थ हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उतरला, आणि तिनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

वकीलबाईंनी तिला दोष दिला नाही. पुढचं सगळं सरळ सांगितलं. खटला ठाण्यावर असला तरी पिंजऱ्यात आधी सोलतील ते मुनीलाच. दारू पितो का, पूर्वी कधी भांडला का, लहानपणी शाळेतून काढलं होतं का, काहीही विचारतील. दवाखान्याचे कागद, फोटो, त्या रात्री त्याला ठाण्यात शिरताना पाहणारं कुणी असेल तर ते, हे सगळं जमवावं लागेल. वर्षं लागतील. शेजारीपाजारी याविषयी चकार शब्द काढायचा नाही. जिंकूच असं त्या म्हणणार नाहीत. जो वकील तसं म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका, म्हणाल्या. तक्रार दाखल करायची मुदत संपत आली होती, तेव्हा हो की नाही ते उद्या सकाळी कळवायचं.

"आणि शर्ट कुणी धुतला, हे तुम्हाला विचारतील. पुरावा आईनंच नाहीसा केला, म्हणतील. रक्त नव्हतंच, असंही म्हणतील."

आई म्हणाली, मी बोलेन ना सगळं, याला कुठं बोलता येतं. त्यावर वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा अशील मुनी होता, आई नव्हे. त्याचं त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, तेही एकट्याकडून. लाँड्रीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी सुनावणारी माझी आई मुकाट्यानं बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. मी टेबलावरच राहिलो.

मुनी माझ्या कॉलरकडे बघत बोलू लागला. मारलं ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. पुढचं सांगायला वेळ लागला. नाकातोंडातून गळलेलं रक्त फरशीवर सांडलं होतं. त्यांनी त्याला मला काढायला लावलं आणि म्हणाले, घाण केलीस, पूस. मुनीनं गुडघ्यांवर बसून माझ्यानं फरशी पुसली. तो कोपरा राहिला, म्हणत एकानं बुटानं दाखवलं. मग म्हणाले, घाल अंगात.

"आईला हे कळायला नको," मुनी म्हणाला. "तिनं तो हातानं धुतलाय."

"कोर्टात सांगावं लागेल. त्या समोर बसलेल्या असतील."

"मग नको."

वकीलबाईंनी त्याला पटवायचा प्रयत्न केला नाही. पुष्कळ लोक इथूनच परत जातात, एवढंच म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला पुढे केला.

मला पिशवीत घालून बाहेर आल्यावर मुनीनं आईला सांगितलं, राहू दे. आईनं कारण विचारलं नाही. कारण आपण धुतलेला शर्ट, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

दिवेलागणीला मामा आला. आईचा थोरला भाऊ, प्रत्येक कुलपाची किल्ली आपल्याच खिशात आहे असं मानणारा. सगळं ऐकून त्यानं तोडगा काढला. "डाग गेला तर नवा पाड. रक्त त्याचंच ना? बोटाला सुई टोच, झालं. खोटं काय त्यात?"

मामा म्हणाला, तू नाहीतर मी करतो. तेव्हा आई उठली. मला इस्त्रीच्या टेबलावर पसरलं, डब्यातून सुई काढली आणि मुनीला हाक मारली. "हात दे, बाळा."

मुनीनं सुई पाहिली, मला पाहिलं. आईनं त्याचं न मिटणारं बोट हातात घेतलं.

"मार खाताना याच्यावर फारसं उडालंच नव्हतं, आई," तो म्हणाला. "हा भरला तो नंतर. फरशी पुसून घेतली त्यांनी माझ्याकडून. याच्यानं."

मामानं घसा खाकरला.

आईनं एकच विचारलं. "गुडघ्यांवर बसून?"

मुनीनं मान डोलावली.

तिनं सुई डब्यात ठेवली, झाकण लावलं. "दादा, तू आता घरी जा," म्हणाली. तो गेल्यावर ती माझ्यावर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. काय धुतलं होतं आपण, ते तिला आता कळत होतं.

सध्या मी वकीलबाईंच्या कपाटात, तोंड चिकटवलेल्या कागदी पिशवीत असतो. शर्टाला अंग लागतं. मला पुन्हा ते मिळेलसं वाटत नाही. तपासणीत माझ्याकडून काही निघेल की नाही, मलाही ठाऊक नाही. माणसं मायेपोटी पुसतात, धुतात, शिवतात, आणि जुलूम करणाऱ्याला आयतं मोकळं रान मिळतं. तेव्हा माझ्यासारखा कपडा कधी तुमच्या घरात आला, तर हात आवरा. कसाही असला तरी तसाच ठेवा. तो बोलू शकेल तेवढं त्याला बोलू द्या.

आता त्या रात्रीनंतरच्या सकाळचं सांगतो आणि थांबतो.

लाँड्रीचं दार आईनं उघडलं नाही. इस्त्री गार होती. मी टेबलावर चुरगळून पडलो होतो; तिनं मला तसंच उचललं. मुनी मागच्या खोलीच्या दारात उभा होता. म्हणाला, तिथं सगळ्यांसमोर पुन्हा ऐकावं लागेल तुला, आणि ते तुलाही सोडणार नाहीत.

आईनं पायांत चपला सरकवल्या.

"ऐकेन," ती म्हणाली. "आणि शर्ट मी धुतला, हे त्यांनी विचारायच्या आत मीच सांगेन. तुला बोलायचं असेल तर चल."

चष्म्यांच्या दुकानाशी आल्यावर मुनी पुढे होऊन आधी जिना चढू लागला.