नानांची नक्कल

नारळ पुन्हा गडगडला. मागच्या सीटखालून निघून दाराला आपटला आणि पुढच्या खड्ड्याला परत आत गेला. त्याच्यावरचं हळदकुंकू आता मॅटला पुसलं जात असणार... गाडी थांबवून तो डिकीत टाकायला हवा, असं वृषालीला वाटलं, पण थांबायचं म्हणजे शेजारी बसलेल्या वडिलांकडं, नानांकडं, बघावं लागणार, आणि गाडी चालू होती तोवर बघायला निदान रस्ता तरी होता. सत्काराची शाल नानांनी घडी करून मांडीवर घेतली होती. त्यांनीच ती तिच्या खांद्यावर घातली होती, सगळ्या गावासमोर, कारण सरपंचबाईंनी माईकवरून सांगितलं की गावच्या लेकीचा सत्कार रंगनाथ मास्तरांच्याच हातून होऊ द्या. मग नाना मागच्या रांगेतून उठले, चपला काढून स्टेजकडं आले. मोतीबिंदूमुळं त्यांना पायरी दिसली नाही, ठेच लागली. वृषाली जागेवरच उभी राहिली.

का नाही गेले मी पुढं? दोन पावलांवर तर होते ते.

शेवगाव मागं पडलं. दोन्हीकडं मे महिन्यातली नांगरून टाकलेली, तापलेली रानं. हवामान बदलतंय हे गावोगाव जाऊन सांगायचं, ही तिची नोकरी; आणि लोकांना ते पटत नाही, हे तिचं रोजचं दुखणं. पडद्यावर तापमानाची लाल रेघ वर चढत जायची, आणि समोरची माणसं त्या रेघेकडं जावयानं आणलेल्या साडीकडं बघावं तशी बघायची, म्हणजे नाव ठेवायचं नाही आणि हातही लावायचा नाही. परगावी तिला त्याची सवय झाली होती. पण आज स्वतःचं गाव होतं, उद्या नगरला नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन, आजच दवाखान्यात दाखल व्हायचं, म्हणून त्यांना न्यायला यायचंच होतं, तर कार्यक्रमही उरकून घेऊ असं तिनंच ऑफिसात सुचवलं होतं. नाना धुतलेली टोपी घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

आणि जालिंदर उठला. शाळेत तिच्या एक वर्ग पुढं होता, आता त्याची मोसंबीची बाग आहे. "ताई, धुरानं पाऊस बिघडला म्हंता. मग बहात्तर साली काय एवढ्या गाड्या हुत्या का? तरी दुष्काळ पडलाच की." तिच्याकडं उत्तर होतं, चांगलं पाठ झालेलं उत्तर, एका सालाचा दुष्काळ वेगळा आणि तीस-चाळीस वर्षांची चाल वेगळी. तिनं ते नीट दिलंही. जालिंदरनं मान डोलावली आणि म्हणाला, ते ऱ्हाऊ द्या, औंदा किती पडंल तेवढं सांगा. ती शक्यतांबद्दल बोलली. सरासरीबद्दल, पावसात पडणाऱ्या खंडांबद्दल बोलली. बोलता बोलता आपलाच आवाज आपल्याला बारीक ऐकू येतोय, असं तिला वाटायला लागलं.

"म्हंजी तुमालाबी ठावं न्हाई," जालिंदर म्हणाला.

तो काही कुचकं बोलला नव्हता. पण मंडप हसला, आणि तिचे कान तापले — इतकी वर्षं, इतका अभ्यास, आणि माझ्याच गावात मी हे ऐकून घ्यायचं? — आणि मग तिनं माईक तोंडाजवळ ओढला आणि ते केलं.

नानांची नक्कल. दर पाडव्याला मारुतीच्या देवळात नाना नव्या वर्षाचं पंचांग वाचतात. गावातले जोशी पुण्याला मुलाकडं गेल्यापासून ते काम मास्तरांकडं आलं. कोणत्या नक्षत्राचा पाऊस कोणत्या वाहनावर बसून येणार, बेडूक असला तर भरपूर, गाढव असलं तर कोरडा — हे ते एका लांबवलेल्या सुरात वाचायचे आणि प्रत्येक नावानंतर चष्मा वर सारायचे. ती सहा-सात वर्षांची असल्यापासून ती नक्कल करायची. पाटावर बसायची, आईचा पोथी वाचायचा चष्मा नाकावर ठेवायची, "मृऽऽग नक्षत्र, वाहन बेऽऽडूक..." आई पदर तोंडाला लावून हसायची आणि पाहुणे आले की नाना स्वतःच सांगायचे, वृषे, माझं पंचांग म्हणून दाखव. घरातला तो लाडका खेळ होता. तोच सूर, तोच चष्मा वर सारणं, आज माईकवरून, सगळ्या गावासमोर... "गाढवावर बसून येणाऱ्या पावसाची वाट बघणाऱ्यांना मी आलेख काय दाखवू?"

मंडप नुसता फुटला. माना मागच्या रांगेकडं वळल्या. आणि नाना हसले. सगळ्यांबरोबर, थोडे उशिरा, टोपी सारखी करत. पाहुण्यांसमोर हसायचे तसेच हसले, हे तिनं पाहिलं, आणि पाहूनही ती बोलत राहिली, कारण आता लोक ऐकत होते. पुढचा सगळा वेळ ऐकत होते. जालिंदरसुद्धा. तिच्या आजवरच्या कार्यक्रमांत इतका रंगलेला कार्यक्रम झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर सत्काराला उभी राहीपर्यंत तिला छान वाटत होतं. लाज वाटते ती याचीच. नक्कल रागाच्या भरात झाली म्हणता येईल. पण ते छान वाटणं?

मोबाईल वाजला. तिचा सहकारी पंकज असणार. त्यानं व्हिडिओ काढला होता, एव्हाना तो ऑफिसच्या ग्रुपवर गेलाही असेल.

तिसगाव गेलं. नाना काही बोलतील म्हणून ती वाट बघत होती. रागावतील, निदान घरचं चव्हाट्यावर आणलंस म्हणतील. मग तिला चुकलं म्हणता येईल, रडता येईल. पण नाना खिडकीबाहेर बघत होते. त्यांना किती दिसतंय कुणास ठाऊक. दोन वर्षं ते ऑपरेशन पुढं ढकलत होते, आणि या पाडव्याला वाचताना दोनदा अडखळले, अक्षर लागेना, तेव्हा त्यांनी स्वतःच तिला फोन केला होता, की आता करूनच टाकू.

करंजीच्या घाटाच्या अलीकडं ते म्हणाले, "वृषाली, डोळ्याचं राहू दे आता."

"म्हणजे?"

"म्हणजे नकोच. बारीक अक्षर काय ते पंचांगाचंच होतं. बाकीचं मला दिसतंय."

आवाजात रुसवा नव्हता. तिनं तो शोधला. घाबरत घाबरत, आणि मग आशेनं शोधला, पण नव्हता. ते म्हणाले, तू सांगितलंस ते सगळं बरोबर आहे, मी नीट ऐकलं. इतकी वर्षं माणसं माझ्या भरवशावर पेरण्या धरत होती, तू आधीच बोलायला हवं होतंस. आणि शालीची घडी पुन्हा एकदा सारखी केली.

यासाठीच तर गावोगाव हिंडत होते मी. कुणीतरी म्हणावं, तुझं बरोबर आहे. न पटणाऱ्या माणसांसाठी तिच्याकडं उत्तरं होती, एकाला एक, वर्षानुवर्षं घासून ठेवलेली; ज्याला पटलं त्याला काही सांगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. माझंही नक्की नसतं नाना, मीही अंदाजच सांगते, असं म्हणावं? मग ते म्हणतील, असू दे, तुझा अंदाज शिकलेला आहे. आणि हसतील. ते हसणं आता तिला बघवणार नव्हतं.

घाट लागला. तिनं गिअर बदलला, समोरून येणाऱ्या ट्रकला वाट दिली. नगर जवळ येत होतं, दवाखान्याच्या वळणापर्यंत काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तिच्या मनात एकच एक चाललं होतं — नाना, भांडा ना माझ्याशी. एकदा तरी म्हणा, तुझं चूक आहे.