दिवे मंदावले नाहीत

मित्रांनो, मी उंच, बर्फाळ डोंगरांतल्या आत-बाशी गावातली एक जुनी मोटार आहे. ज्या देशातल्या कारखान्यात माझी जोडणी झाली तो देश आता नकाशावर उरलेला नाही, पण मी अजून रस्त्यावर आहे. माझा रंग एकेकाळी पिवळा होता.

माझे मालक कासिमाली. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या केंद्रात ते विजेची कामं करायचे. माझ्या अंगातली तार न् तार त्यांना पाठ होती. उन्हाळ्यात मी त्यांना डोंगरावरच्या कुरणांवर नेत असे, आणि येताना मागच्या सीटवर घोडीच्या दुधाचे डबे डुचमळत येत. तेव्हा लोक म्हणायचे, "गाडी असावी तर कासिमालीची." मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग त्यांची दृष्टी गेली. एका शरद ऋतूत त्यांनी माझं इंजिन उतरवून दुरुस्त केलं, परत बसवलं, हिवाळाभर मी अंगणातच उभी राहिले, आणि वसंतापर्यंत त्यांना समोरचं माणूसही दिसेनासं झालं. त्यांची मुलगी बुरुल हिने माझी चावी मागितली. तिला नारीन शहरापर्यंत प्रवासी न्यायचे होते.

"बाईच्या हाती गाडी टिकत नाही," कासिमाली म्हणाले.

"आणि आंधळ्याच्या हाती टिकते?" बुरुल बोलून गेली.

चावी तिला मिळाली, पण त्या दिवसापासून बापलेकीत माझ्याबद्दल एक शब्द झाला नाही.

उन्हाळाभर मी गुणी होते. थंडी पडली आणि माझी अब्रू गेली. आमच्याकडे पारा शून्याखाली तीस अंश उतरतो. तेलाचा खवा होतो आणि इंजिन दगडासारखं जड. बुरुल रोज संध्याकाळी माझी बॅटरी काढून चुलीजवळ ठेवी, इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून सोडून देई, माझ्यावर लोकरीचा जाड नमदा घाली. सकाळी किटल्यांनी उकळतं पाणी ओती. तिने पातळ तेल घातलं, प्लग घासले, शेवटी बॅटरीसुद्धा नवी आणली. चावी फिरवली की मी म्हणे, घर्र... घर्र... आणि गप्प. कधी विसाव्या खेपेला पेटे, कधी पेटतच नसे. तोवर प्रवासी दुसऱ्या गाडीत बसून गेलेले असत.

मला कुठे दुखतंय ते मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण सांगणार कसं? ती बॉनेट उघडायची तेव्हा मी आतल्या आत तळमळायचे. तिचा हात त्या जागेच्या वीतभर जवळ यायचा आणि पुढे जायचा. मी रात्रभर विचार करायचे, उद्या तरी थांबेल का तो हात?

"बुरुल, आज किती किटल्या पाजल्यास?" थांब्यावरचा दुसरा गाडीवाला जापार विचारायचा. "कासिमालींच्या हाती ही गाडी घोड्यासारखी पळायची."

तीन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या हिवाळ्यात तिने ठरवलं की मला शनिवारी भंगारवाल्याला द्यायचं आणि बहिणीकडे रशियात भांडी घासायच्या कामाला जायचं. वडिलांना आत्याकडे ठेवायचं. तिने हे त्यांना जेवताना सांगितलं. मी अंगणात होते, पण खिडकीतून ऐकू आलं.

गुरुवारी सकाळी मी दहाव्यांदा अडले, तेव्हा भिंत चाचपत कासिमाली बाहेर आले.

"दिवे लाव," ते म्हणाले.

"आके, थंडी आहे. आत जा," बुरुल म्हणाली. वडिलांना ती आके म्हणायची.

"थंडी दिसावी लागत नाही. दिवे लाव म्हणतो ना."

तिने लावले.

"आता चावी फिरव आणि दिव्यांचा उजेड बघ. मंदावतो का?"

मी कुंथले आणि थांबले. बुरुल काही क्षण समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "नाही, आके. तसाच आहे."

"मग रोज त्या बॅटरीला चुलीशी का नेतेस? तिच्यात जोर आहे. तो इंजिनापर्यंत पोचत नाहीये."

त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा हात माझ्या पोटात घातला. "पुन्हा फिरव." बोटं तारांवरून सरकत गेली. सगळं गारठलेलं. मग ती एका बोल्टवर आली आणि थांबली. तो बोल्ट गरम होता.

इंजिनातून वीज माघारी नेणारी तांब्याची विणलेली पट्टी त्या बोल्टने माझ्या सांगाड्याला जोडलेली असते. तिथेच वीज अडत होती, तापत होती. उन्हाळ्यात इंजिन हलकं असतं, थोड्या विजेवर भागतं. थंडीत भागत नाही.

कासिमालींनी हात बाहेर काढला.

"पोरी, ही पट्टी मीच बसवली. खालचा रंग खरवडून मग बोल्ट आवळायचा असतो. मला रंग दिसला नाही. तेव्हा काहीच धड दिसत नव्हतं."

"मग दिसत नाही हे तेव्हाच सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर चावी तेव्हाच द्यावी लागली असती."

मला वाटलं, आता ती तीन वर्षांचं सगळं बोलून टाकेल.

"खरवडायला काय आणू?" तिने विचारलं.

ती कानशीने घासत होती आणि ते बोट लावून बघत होते. "अजून. बोटाला खरखरीत लागलं पाहिजे." रंग गेला, गंज गेला, लोखंड उघडं पडलं. पट्टीची टोकंही घासली, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. दुसऱ्या खेपेला मी पेटले. अंगणभर पांढरा धूर झाला आणि कोंबड्या पळाल्या.

कासिमाली आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसले. थांब्यावर जापारने किटल्यांची चौकशी केलीच.

"जापार, खोट माझ्या कामात होती," ते काच खाली करून म्हणाले. "तीन हिवाळे तिच्यावर हसलात, हसायचं होतं ते माझ्यावर."

जापार टोपी मागेपुढे करत राहिला. मग वडीलधाऱ्याला आदराने हाक मारावी तसं म्हणाला, "बाइके, माझीही सकाळी कुरकुरते. जरा हात लावून बघाल?"

शनिवारी भंगारवाला आला, त्याने दुधाचा चहा घेतला आणि रिकामा परत गेला.

आता दर वर्षी बर्फ पडायच्या आधी बुरुल तो बोल्ट सोडवते, घासते, पुन्हा आवळते. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं यंत्र अडून बसलं, तर त्याला आणि ते चालवणाऱ्याला दोष द्यायची घाई करू नका. नेमकं कुठे अडतंय ते शोधा. आणि शोधताना घरातल्या जाणत्या माणसाला हाक मारा. ते माणूस कदाचित दाराआड उभं राहून त्याच हाकेची वाट बघत असेल.