उभ्या गाडीचं माप

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. बुटकी, दोनच सीटांची आणि, स्वतःच्या तोंडाने सांगते, देखणी! माझा पत्रा कारखान्यात हातांनी ठोकून वळवलेला. मला घरी आणलं एका शिंप्याने. सगळी गल्ली हसली. "घरात माणसं चार आणि गाडी दोघांची!" पण त्या शिंप्याची, म्हणजे आमच्या बाबांची, हौस दांडगी. ते चालवायचे, आई शेजारी, थोरली तिच्या मांडीवर आणि धाकटा सीटमागच्या फटीत बोचक्यासारखा कोंबलेला. काय लाड झाले माझे! पुसायला फडकंसुद्धा मऊ बघून निवडलेलं असायचं.

मग बाबा गेले. आई माझ्याकडे फिरकेनाशी झाली. "विकून टाका ती," एवढंच म्हणायची. माझ्या टपावर कापडाचे तागे चढले, टायर बसले, आरशात कोळ्याने घर केलं. राग नाही आला मला, फक्त फार एकटं वाटायचं.

शेवटी थोरलीनेच तागे उतरवले. ती बाबांच्याच मशीनवर कपडे शिवते. तिने इंजिन दुरुस्त करून घेतलं, पण माझ्या मापाचे टायर आता कुणी बनवत नाही. रुंद टायर बसवले, तर ते मडगार्डबाहेर डोकावू लागले. मला आरटीओत नेलं, तेव्हा तपासणीचे साहेब माझ्याभोवती फेरी मारून म्हणाले, "चाकं अंगाबाहेर आलीत. महिनाअखेरपर्यंत झाकून आणा, नाहीतर गाडी बाद." बाद म्हणजे भंगार, मित्रांनो!

मडगार्डची कड बाहेर वाढवायला जे बसवतात त्याला फ्लेअर म्हणतात. थोरली म्हणते झालर. धाकटा पत्र्याची कामं करतो. त्याने दोन तऱ्हेचे फ्लेअर आणले आणि चिकटपट्टीने मला लावून पाहिले. एका बाजूला जाडजूड, बोल्ट मिरवणारे.

"ताई, वाघीण दिसते बघ!"

थोरली रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करून उभी राहिली. "वाघीण कसली? फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घातलेली म्हातारी दिसते. काढ ते!" दुसऱ्या बाजूचे फ्लेअर बारीक होते, माझ्याच वळणाने जाणारे. "हे घे. अंगचेच वाटतात." मला तिला मिठीच मारावीशी वाटली, पण हात कुठून आणू?

धाकट्याने मला जॅकवर चढवलं, फ्लेअर चाकाभोवती धरला, रुंद टायरला वर-खाली व्हायला जागा हवी म्हणून पत्र्यावर कापायची रेघ मारली आणि कटर सुरू केला. कापलेला पत्रा काही परत वाढत नाही.

"थांब, थांब!" थोरली ओरडली. "चाकं लोंबकळताहेत, दिसत नाही? गिऱ्हाइकाला खुंटीला टांगून माप घेतात का रे? जमिनीवर उभी कर तिला."

मला खाली घेतलं तशी चाकं मडगार्डात वर सरकली. रेघ साफ चुकली होती. तिथे फ्लेअर बसला असता तर पहिल्याच खड्ड्यात टायर घासून फाटला असता. धाकट्याने कपाळावर हात मारला.

"अजून झालं नाही," थोरली म्हणाली. "माणसं बसली की ती आणखी खाली बसते. मी बसते चालवायच्या जागी. शेजारी कोण?"

आरडाओरडा ऐकून आई दारात आली होती. दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं.

"मला वजन म्हणून बसवता होय रे?" आई म्हणाली. पण आली. गुडघा धरत, वाकून, आपल्या जुन्या जागेवर बसली. माझ्या स्प्रिंगांनी तिला लगेच ओळखलं. वजन कमी झालं होतं तिचं.

तिने पाय लांब केले आणि दचकली. "ही सीट त्यांनी माझ्या उंचीला लावली होती. कुणी हलवली नाही?"

"नाही गं," थोरली म्हणाली.

आई रडली. मग पदराने डोळे पुसत धाकट्यावरच खेकसली, "बघत काय बसलास? घे माप!"

रेघ वर सरकली. आई उतरल्यावर पत्रा कापला, कापलेल्या काठाला गंज धरू नये म्हणून रंग दिला. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये थोरलीने रबराची पट्टी घातली, अगदी ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावावं तशी. मग बोल्ट आवळले. साहेबांनी पुन्हा फेरी मारली आणि हसून शिक्का दिला.

पहिल्या फेरीला थोरली चालवायला, आई शेजारी. "आणि मी?" धाकटा फाटकातून ओरडला.

"तू आता फटीत मावत नाहीस, बाळा!" आई म्हणाली. कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. मी जीव मुठीत धरला. चारही चाकं वर झाली, खाली आली, कुठेही घासलं नाही.

मित्रांनो, त्या घराचे उपकार मी कसे फेडू? एवढंच मागते, जुन्या वस्तूला बाद म्हणण्याआधी तिला एकदा जमिनीवर उभी करा, तिच्या माणसांना तिच्यात बसवा आणि मग तिचं माप घ्या. आई आता मला विकायचं नाव काढत नाही. मी बाहेर निघाले की तीच आधी येऊन बसते.