दोन खड्ड्यांचा अभिप्राय

मित्रांनो, मी एक जुने काथ्याचे पायपुसणे आहे. मुरडलेत ना नाक? मुरडा खुशाल. पण माझ्या अंगावर किती योद्धे लढले हे ऐकलेत, तर ते आपोआप सरळ होईल.

नारळाची सोडणे भिजवून, कुटून, त्यांचा काथ्या वळून एका म्हाताऱ्या बाईने मला विणले. दोन हात रुंद, तीन हात लांब आणि वीण अशी घट्ट की सुई शिरणार नाही. तिथून मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या ऑफिसच्या दारात आले. आत दोघेच काम करत. एक ताई, जिला सगळेच ताई म्हणत, आणि दुसरा तिचा चित्रकार. तीन वर्षे दोघे मिळून एक व्हीआर खेळ बनवत होते. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे, की आपण थेट आखाड्यात उभे आणि समोर ठोसे-लाथांत तरबेज असा लढवय्या.

मी मात्र दाराबाहेर चिखल खात होते. मग एके दिवशी एक दंतवैद्य खेळ करून बघायला आले. डोळे झाकलेले. लढवय्याच्या मागे मागे सरकत ते खोलीच्या कोपऱ्यात गेले आणि तिथे त्यांनी एक सणसणीत ठोसा लगावला, तो फायलींच्या कपाटाला! कपाटाला पोचा आला आणि डॉक्टरांचे बोट चार दिवस सुजले. त्याच संध्याकाळी ताईने मला उचलून खोलीच्या मधोमध अंथरले. पुढच्या खेळाडूला ती म्हणाली, "चपला काढा. पायाला खरखरीत लागतंय तोवर काही काळजी नाही. गुळगुळीत लागलं की मागे या."

उंबऱ्यावरून मी एकदम आखाड्यात! माझी बोटभर जाडीची छाती फुगली.

मग खेळाडूंची रीघ लागली. बेकरीवाला आला, बस चालवणारे काका आले, ग्रंथालयातल्या बाई आल्या. खेळून झाल्यावर ताई त्यांना अभिप्रायाचा कागद देई आणि समोरच उभी राही. 'झकास!', 'चित्रे अगदी जिवंत', 'हात भरून आले, पण मजा आली' असे कागद भिंतीवर वाढत गेले. पण "पुन्हा खेळणार?" असे विचारले की सगळे म्हणत, "हो हो, येऊ की कधीतरी," आणि बोलता बोलता चपला शोधत. दुसऱ्यांदा कोणीच आले नाही.

महिन्याभराने एका मोठ्या कंपनीच्या बाई खेळ बघायला येणार होत्या. त्यांनी पसंत केला तर तो लोकांपर्यंत जाणार. नाही तर ऑफिसला कुलूप, आणि ताईची तीन वर्षे पाण्यात.

कुठे बिघडलेय ते मला ठाऊक होते. वरती हात पंख्यासारखे फिरत, पण माझ्यावर टाचा रोवलेल्या त्या रोवलेल्याच. ओरडून सांगावेसे वाटे. पण पायपुसण्याला तोंड कुठले?

अशात ताईचे मामा आले. त्यांनी तीस वर्षे मुलांना कराटे शिकवलेले. एक गुडघा आता वाकत नव्हता. ताईने हेडसेट पुढे केला, तर ते खुर्चीचा आधार घेऊन खाली बसले आणि माझ्यावरून बोटे फिरवू लागले.

"हे दोन खड्डे कसले गं?"

"खेळाडू उभे राहतात ना मामा, त्यांच्या टाचांचे."

"आणि बाकीचं सगळं कोरं करकरीत?" मामांनी भिंतीवरचे कागद वाचले. "लोक भिडस्त असतात बाळा. तू समोर डोळे लावून उभी, वाईट कोण लिहील? पाऊल हललं नाही तर तो ठोसा कसला? नुसत्या माशा हाकलणं झालं."

ताईचा चेहरा उतरला. "पण मशीनला पाय दिसतच नाहीत. डोकं आणि दोन हात, एवढंच कळतं त्याला."

"पाऊल पुढे पडलं, तर डोकं काय मागे राहतं?"

मग चित्रकार हसायला लागला आणि ताईने भिंतीवरचे कागद एकेक करून काढायला घेतले.

तिने कंबर कसली. नुसते हात हलवणाऱ्याचा ठोसा आता लढवय्याला लागणारच नव्हता. अंगाचा भार पुढे पडेल, तेव्हाच तो कोलमडणार होता. प्रत्येक बदल ती स्वतः लढून बघे. रोज शंभर-शंभर वेळा, अनवाणी. तळवे सोलवटले तर पट्टी बांधून पुन्हा उभी. माझे धागे तटातट तुटत होते, पण मीही हट्टाला पेटले. मी सरकले तर ती पडेल. महिनाभर मी तसूभरही सरकले नाही.

कंपनीच्या बाई आल्या, त्या दिवशी मामाही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. "दहा मिनिटं आहेत माझ्याकडे," असे म्हणत त्यांनी हेडसेट चढवला. त्यांच्या टाचा नेमक्या त्या दोन जुन्या खड्ड्यांत बसल्या. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी एक ठोसा मारला, वाया. दुसरा मारला, तोही वाया. मग त्यांचा डावा पाय उचलला गेला आणि धाडकन पुढे पडला. त्या दणक्याने मी मधोमध टरकन फाटले.

बाईंनी धापा टाकत हेडसेट काढला. चित्रकाराने कागद पुढे केला.

"तो राहू दे," त्या म्हणाल्या. "अजून एकदा लावा."

ताईने तोंडावर हात धरला. मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आता आखाड्यात नवे पायपुसणे आहे. मला टाकून द्यायला निघालेल्या चित्रकाराच्या हातातून ताईने मला ओढून घेतले, जाड दोऱ्याने टाके घातले आणि पुन्हा दारात अंथरले. मित्रांनो, मला कधीमधी झटका, ऊन दाखवा, एवढेच मागणे. आणि आत जाताना माझ्यावर हलक्या पायाने जाऊ नका. चांगला भार टाकून पाय पुसा. मी धरून ठेवीन.