येसूबाईच्या भोपळ्यावरचा त्रिशूळ

आगरदांड्याच्या धक्क्यावर होडीतून उतरलेली माणसं आता बाजाराची वाट न धरता येसूबाईच्या परसाची वाट विचारू लागली होती. तिथे पेंढ्याच्या आसनावर, वेलाला लागलेलाच, एक भलामोठा लाल भोपळा बसला होता आणि त्याच्या पोटावर वीतभर त्रिशूळ उठला होता. रंगाने काढलेला नव्हे, सालीतूनच वर आलेला. खरखरीत, बोटाला लागणारा.

"हात लावा, लाजू नका!" बाहेरून आलेले दिनानाथबुवा ओरडत होते. "खडू हाय काय? चुना हाय काय? अहो, मोठमोठे पंडित डोकी आपटून मेले, त्यांना दर्शन न्हाय. देवीआई मला म्हणाली, दिनानाथा, देवळात लई धूर झालाय, मला वेलावर बसव!"

बायका खण-नारळ ठेवत होत्या. भोपळ्याच्या शेजारी येसूबाई नव्या लुगड्यात बसली होती आणि भोपळ्यापेक्षा जास्त फुगली होती.

निदान दोन परसांमधल्या दगडी गडग्यापलीकडे उभ्या असलेल्या राहीला तसं वाटलं. येसूबाई तिची सख्खी चुलती. राहीची आई गेल्या पावसाळ्यात तापाने गेली. जाण्याआधी तिने राखेत जपलेलं भोपळ्याचं बी काढलं, अर्धं लेकीला दिलं, अर्धं जावेला. म्हणजे बी आईचं, माती एकच, मध्ये कमरेएवढा गडगा. आणि देवी गेली कुठे, तर काकीकडे. राही रोज काकीच्या वेलावरची फुलं मोजायची. आपल्या वेलाकडे बघताना तिला उगाच आईचीच लाज वाटायची, आणि मग त्या वाटण्याची लाज.

तेवढ्यावर भागलं असतं, पण चैत्रात विहीर तळाला गेली. रहाटाचं पाणी वाडीतल्या घरांना पाळीपाळीने मिळे आणि पाळ्या रावजीआबा सांभाळत. राहीच्या पाळीला पाट कोरडाच राहिला.

"आबा, आज माझी पाळी."

रावजीआबांनी मान खाली घातली. "पोरी, देवीचं तोंड कोरडं ठेवून तुझी वांगी भिजवू काय?"

"देवी हंडाभर पिईल. तीन वाफे पिते काय?"

"जिथं दोष असतो तिथलं पाणी आई आपल्याकडं ओढते," बुवा गडग्यावरून म्हणाले. "त्या घरातली बाई गेली ना गेल्या साली? उगाच गेली काय?"

शेजारी उभ्या येसूकाकीने त्यांना अडवलं नाही, ते राहीने लक्षात ठेवलं.

संध्याकाळी ती बियाण्याचं फळ राखायला वेलापाशी बसली. वाडीतल्या सगळ्या घरांची रीत: बियाण्यासाठी ठेवायच्या कोवळ्या फळावर नखाने फुली ओढायची, म्हणजे कोणी तोडत नाही. आईची फुली नेहमी वाकडी यायची. फळ वाढलं की ओरखड्याची खपली वाढे. बोटाएवढी फुली भाद्रपदापर्यंत तळहाताएवढी होई.

राहीचं नख फळावरच थांबलं.

बुवा पहिल्यांदा वाडीत आले तेव्हा काकीचा भोपळा मुठीएवढा होता. आल्या आल्या त्यांनी सोवळं म्हणून त्यावर लाल फडकं बांधलं होतं आणि काकीलासुद्धा जवळ येऊ दिलं नव्हतं.

राहीला सत्याची तहान लागली होती असं म्हणणं खोटं होईल. तिला काकीचं नवं लुगडं डोळ्यांत खुपत होतं. पण नख कोणत्याही कारणाने ओढलं तरी साल तशीच उकलते. तिने एका फळावर त्रिशूळ ओढला. आणखी दोन फळांवर तिच्या मनात आलं ते. मग भांडी विसळल्याचं, आंघोळीचं, मिळेल ते पाणी वेलाला घालून तिने वेल जगवला. वांगी डोळ्यांदेखत सुकत गेली.

फळं फुगल्यावर एका सकाळी वाडीतल्या ठमाबाईची नजर गडग्यावरून गेली. "अगो बाय! राहीकडं पण आली!"

घटकाभरात गर्दी इकडे वळली. बुवा क्षणभर गडबडले, पण तोंड चालू ठेवलं. "थोरली तिकडं, धाकटी इकडं! मी म्हणालोच होतो!" मग वाकून हळूच म्हणाले, "राहीबाई, पाणी दोघींना सारखं मिळंल. तोंड तेवढं मिटून ऱ्हा."

राहीबाई! कालपर्यंत जिला कोणी विचारत नव्हतं, तिच्या पायाला बायका हात लावत होत्या. गडग्यापलीकडे काकी एकटी उभी होती. इतके दिवस हेवा करून राहीने जे जे मागितलं होतं, ते सगळं समोर आलं होतं.

"हिची आई म्हणजे पुण्यवान माउली!" बुवा गर्दीला सांगत होते. "तिच्याच पुण्याईनं हे!"

मागे त्याच तोंडाने आईला दोष लावला होता. त्या तोंडातून आईबद्दल काही चांगलंसुद्धा राहीला नको होतं.

"आबा, ही बाकीची दोन फळंही बघा," ती म्हणाली आणि तिने पानं बाजूला केली.

एका भोपळ्यावर चप्पल होती. दुसऱ्यावर चहाची किटली, तोटीसकट.

"ही गं कोणची देवी?" रावजीआबांनी विचारलं.

"चपलेची, आबा. बियाण्याच्या फळावर तुम्ही फुली मारता, तशी मी चप्पल मारली. फुली वाढते, चप्पल वाढते, त्रिशूळही वाढतो."

कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळा परस हसला.

"जीभ झडंल, नास्तिक बाई!" बुवा गरजले.

"झडू दे. ही कोवळी फळं बघा. फडकं मी बांधते, राखण आबा करतील. तुम्ही हात न लावता त्रिशूळ आणा."

बुवांना श्रीवर्धनला तातडीचं काम आठवलं. दुपारच्या होडीने ते पलीकडे गेले.

परस रिकामा झाल्यावर येसूकाकी गडग्याशी आली. "म्हंजे माझ्याकडं कोणीच आलं न्हवतं व्हय गं?"

हा क्षण गोड लागेल असं राहीला वाटलं होतं. "न्हाय, काकी. पण एवढा मोठा भोपळा तुझ्या शेणखतानं झाला. माझे न्हाय झाले. मला तुझा राग येत होता, त्रिशुळाच्या आधीपासून."

"ठाव हाय," काकी म्हणाली. "गडग्यावरून डोळे दिसायचे तुझे. आणि वैनीला त्यानं दोष लावला, तवा मी गप बसले."

दुसऱ्या दिवशी राहीच्या पाटाला पाणी आलं. अर्धी वांगी उठली. उरलेली उठली नाहीत. पाणी उशिरा मिळालं की रोप मरतं, त्याला कोणताही अंगारा लागू पडत नाही. म्हणून जिथे चमत्कार दिसेल तिथे नमस्काराआधी दोन गोष्टी विचाराव्यात: हे माणसाच्या हाताने करता येतं का? आणि यापायी कोणाचं पाणी तोडलं जात आहे?